सहीचा शिक्का

मधुमती दातार २०१६ साली निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी बड्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीवर वीस मिनिटं भाषण ठोकलं, शाल झाली, समोसे झाले. मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी सुटले. घसा ठणठणीत होता.

लखनऊच्या निशातगंजमधली आमची मुलींची शाळा. मी शुभदा, गणिताची, नागपूरची. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमागे इकडे आलेली. मधुताई सांगलीच्या. त्यांचे यजमान नंदकुमार इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. ताई नववी-दहावीला इंग्रजी शिकवत. आमच्याकडे इंग्रजी म्हणजे गाइडातली उत्तरं घोकणं. गायीवरचा निबंध पाठ केलेल्या मुलीला घरची माणसं विचारली तरी ती चार पाय आणि दोन शिंगांपासून सुरू करायची.

२००४ साली मधुताईंनी चिठ्ठीची वही काढली. दर शनिवारी प्रत्येक मुलीनं त्यांना इंग्रजीत चिठ्ठी लिहायची, मनात असेल ते. सोमवारी उत्तर. लाल शाई नाही, चूक दाखवणं नाही. शेळी मेली असं एखादीनं वाकड्यातिकड्या इंग्रजीत लिहिलं, की ताई तेच वाक्य नीट करून उत्तरात विचारायच्या: शेळी कधी मेली? नाव काय होतं तिचं? पुढच्या शनिवारी शेळीचं नाव यायचं आणि वाक्यही सरळ यायचं.

"बेचाळीस मुलींच्या शेळ्या हाकताय तुम्ही," मी चिडवायचे.

"सांगायचं काही असल्याशिवाय भाषा येते होय कोणाला?" त्या म्हणायच्या. त्यांचं खरं होतं. निकालात दिसायचं.

२०१० साली दहावीत सरोज होती. तिचा बाप लखनऊजवळच्या मलिहाबादला दुसऱ्याच्या आमराईचा राखणदार. ती निशातगंजला मावशीकडे राहून शिकायची. त्या जूनमध्ये तो दशहरी आंब्यांची पेटी घेऊन मधुताईंच्या घरी आला. ताईंनी त्याला खुर्चीवर बसवून चहा दिला, पोरगी हुशार आहे, हिला शिकू द्या म्हणाल्या. आपल्याला खुर्ची दिली याचंच त्याला अप्रूप. मान डोलावून गेला.

जुलैत नंदकुमार गेले. ऑफिसला निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता. पंधराव्या दिवशी मधुताई शाळेत हजर. रडल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वर्गावर जात, पाठ घेत, डबा उघडून तसाच मिटत. त्यांचा मुलगा वेदांत मला म्हणाला, "आंटी, मम्मी घंटों टीवी के सामने बैठी रहती है। टीवी बंद रहता है।"

चिठ्ठ्यांच्या वह्या साठत गेल्या. शाळेची तपासणी तोंडावर आली होती आणि पानापानावर सही हवी होती. कोणीतरी हातपाय हलवायला हवे होते, आणि हातपाय हलवण्यात मी पटाईत. अमीनाबादच्या बाजारात जाऊन ताईंच्या सहीचा रबरी शिक्का करून आणला. दर सोमवारी मधल्या सुट्टीत मी धडाधड शिक्के मारायचे. ताई शेजारी बसून खिडकीकडे बघत.

"झालं?"

"झालं, ताई."

मैत्रीण असावी तर अशी, असं मला स्वतःबद्दल वाटायचं. खोटं कशाला सांगू?

वाचत मी काहीच नव्हते. एकदाच वाचलं. सप्टेंबरात शाई ओली होती म्हणून सरोजची वही उघडी ठेवली आणि नजर गेली. आईचा हात मोडलाय, बाबा मला कायमचं घरी न्यायला येणार आहेत, तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला, ते तुमचं ऐकतील. मी मधुताईंकडे पाहिलं. त्यांच्या पोळीवर माशी बसली होती आणि त्या ती हाकलत नव्हत्या. यांच्या डोक्याला आणखी ताप नको, असं मनात म्हटलं. पोरी काय, लिहितातच. वही मिटली आणि पुढची घेतली.

नोव्हेंबरात वह्या वाटताना एक उरते, हे पहिल्यांदा लक्षात आलं. दसऱ्यापासून सरोज आलीच नव्हती. हजेरीत रोज तिच्या नावापुढे गैरहजर लागत होतं आणि आम्हा दोघींना त्याचं काही वाटलं नव्हतं. बोर्डाचा फॉर्म भरायची तारीखही उलटून गेली होती. म्हणजे परीक्षा बुडाली. मधुताईंनी वही उघडली. पाच शनिवारच्या पाच चिठ्ठ्या, पाचही एकच मागणाऱ्या, आणि प्रत्येकीखाली त्यांची सही. शेवटची चिठ्ठी दोन ओळींची होती.

"रविवारी मलिहाबादला जायचं," एवढंच त्या म्हणाल्या. मी पाचातली एक वाचली होती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

टेंपोतून उतरून आमराईपर्यंत चालत गेलो. हंगाम केव्हाच सरला होता, झाडांखाली कोणी नव्हतं. बापानं खाट काढली, वर चादर घातली. आई आत निजून होती.

"मैडम जी, ये कहती रही कि मैम बोलेंगी, मैम बोलेंगी," तो म्हणाला. "दो इतवार तो हम इसे लेने गए और ख़ाली हाथ लौट आए। फिर सोचा, मैडम की मर्ज़ी नहीं होगी।"

सरोज कणकेचे हात धुऊन आली. आमच्याकडे न बघता म्हणाली, "हमें लगा हमारी इंग्लिश आपकी समझ में नहीं आई। इसीलिए पाँच बार लिखा।"

मधुताईंचा चेहरा होता तसाच होता.

"मैंने पढ़ा ही नहीं, बेटा," त्या म्हणाल्या आणि सोबत आणलेली तिची वही पुढे केली.

सरोजनं वही उघडून सहीवर बोट ठेवलं. "और ये?"

"वो मैंने लगाई थी," मी म्हटलं. "ठप्पा है।"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तो आपने पढ़ा था?"

नाही म्हणता आलं असतं. कोणाला कळलं असतं?

"हाँ," मी म्हटलं. "एक।"

मधुताई माझ्याकडे वळल्या. चार महिने त्यांची नजर माझ्यावर ठरलीच नव्हती, ती आता ठरली. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पर्समधून पेन काढलं, सरोजच्या हातातून वही घेतली आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवली.

"चार चिठ्ठ्यांची उत्तरं मी लिहीन," त्या म्हणाल्या. "तू वाचलीस तिचं तू लिही. इथेच बसून लिही."

मी तारीख घातली. सरोजचं नाव लिहिलं. माझ्या खांद्यावरून वाकून ती पुढची ओळ यायची वाट बघत होती.