काका नवं घर बघून आले

अगं भाचे, अशी जवळ येऊन बस. मावशी घर बदलतेय, एकटी खोकी भरतेय, आणि तू आज उगवतेस होय?

आम्ही गोडदेवहून सिल्व्हर पार्कला चाललोय. लांब नाही गं, पण तुझ्या काकांचा जन्म इथलाच. त्यांचं एकच, "तुम्ही जावा, मी कुठं जात न्हाय." मी भांडी बांधायची आणि त्यांनी सोडायची. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघ्यांमुळे खाली उतरणंच सोडलेलं. तरी हट्ट काही सुटेना. आणि त्यांना सोडून मी जाणार कशी?

काल लेकानं आणि मी त्यांना धरून उतरवलं आणि रिक्षानं नवं घर दाखवायला नेलं. लिफ्टमध्ये शिरले, ते बाहेर यायलाच तयार नाहीत! वर गेले, खाली आले, परत वर. वॉचमन हसतोय, "बाबा, उतरना नहीं है क्या?"

"रुको भाई, और एक बार!"

मग एकटेच हळूहळू गेटबाहेर गेले आणि भाजीवाल्याशी घासाघीस करून मेथीची जुडी घेऊन आले. वर मलाच म्हणतात, "तुझं सामान अजून बांधून न्हाय झालं?"

म्हटलं, "सोडत कोण होतं?"

आज सकाळपासून स्वतःच सुतळी घेऊन बसलेत. मला तर आनंदानं काही सुचत नाहीये. रविवारी टेम्पो येतोय. घर लागायची वाट बघू नकोस हं, खोक्यांवर बसून जेवू, पण लवकर ये.