भिंत कसणारे साडू

माझ्या साडूंइतका भिंतीशी एकनिष्ठ माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत जन्म काढून निवृत्तीनंतर ते धायरीला फ्लॅटमध्ये राहायला गेले, ते मुळात बागेच्या ओढीने. तिथे जमीन काही मिळाली नाही. मिळाली ती बाल्कनीची उंच, कोरी भिंत. साडूंनी तिच्यावर लोखंडी सांगाडा ठोकला, त्यात कुंड्यांच्या ओळी अडकवल्या, वरून ठिबकची बारीक नळी फिरवली आणि वर्षभरात भिंत दिसेनाशी केली. "जमीन कोणीही कसतो, आम्ही भिंत कसतो," असं ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

या शेतीचा मोठा सण होळीच्या आधीच्या रविवारी येई. ऊन तापायच्या आत भिंत धुतली पाहिजे, असा त्यांचा दंडक. सगळ्या कुंड्या खाली उतरवायच्या, वाळकी पानं काढायची, माती बदलायची, टँकरच्या पाण्याने कुंड्यांवर चढलेले पांढरे क्षार घासायचे आणि नळीची बुजलेली भोकं सुईने मोकळी करायची. या कामाला सगळे नातेवाईक बोलावले जात आणि दारातच प्रत्येकाच्या हातात जुना टूथब्रश पडे. नळी कायम माझ्याकडे. "तुम्ही बँकेत होता. बारीक भोकं शोधायची तुम्हाला सवय," हे त्याचं कारण.

एकदा त्याच रविवारी, त्यांच्या लेकीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. माझ्या मेहुणीने, म्हणजे साडूंच्या पत्नीने, परोपरीने विनवलं, पण साडू म्हणाले, "माझा रविवार त्यांच्या आधी ठरलाय." कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या त्या गृहस्थांनाही ब्रश मिळाला. अर्ध्या तासाने त्यांनी हळूच विचारलं, "मग बोलणी केव्हा करायची?" साडू वर न बघता म्हणाले, "ही ओळ संपू द्या." ओळ संपेपर्यंत दोघे बाह्या वर करून, मांडीला मांडी लावून एकमेकांच्या नोकऱ्यांबद्दल बोलत होते. बोलणी अशी वेगळी करावीच लागली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मात्र भिंतीवरच बेतलं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्या एका संध्याकाळी वर आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तुमची बाग माझ्या देवघरात आली आहे." त्यांच्या भिंतीला ओल धरली होती. साडूंनी छातीठोकपणे सांगितलं, "माझं पाणी भिंतीला शिवतसुद्धा नाही. तुमचा नळ तपासा." बाईंनी नळ तपासून घेतला, तो कोरडा निघाला. प्रकरण सोसायटीच्या कमिटीकडे गेलं. बाग उतरवा, असं कमिटीचं म्हणणं पडलं आणि साडूंनी बाईंशी बोलणं टाकलं.

त्या वर्षीच्या धुण्याच्या रविवारी आम्ही सगळ्यांत खालची ओळ काढली, तर कुंड्यांचं पाणी वाहून नेणाऱ्या मागच्या पन्हळीचं तोंड मुळांनी गच्च बुजलेलं. साठलेलं पाणी भिंतीत मुरत होतं. आम्हा घरच्यांशिवाय ते कोणी पाहिलं नव्हतं. साडू उठले, हात धुतले, धुतलेला शर्ट घातला आणि मला घेऊन खाली गेले.

"तुमचं बरोबर होतं. पाणी माझंच आहे," ते बाईंना म्हणाले. "आजच बाग उतरवतो."

"पाणी तुमचं आहे हे मला माहीत होतं. तुम्हाला कळायची वाट बघत होते," बाई म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "बाग राहू द्या. पन्हळ नीट करा. तुमचा एक वेल माझ्या गजांवर उतरलाय. सकाळी चहाला मला तेवढीच सोबत असते."

साडूंनी पन्हळ बदलली, बाईंची भिंत वाळवून स्वतः रंगवली आणि कमिटीला बाईंनीच परस्पर गप्प केलं.

यंदा साडूंचे गुडघे साथ देईनात. स्टुलावर चढायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून ते बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि त्यांच्या जागी मी चढलो. उतरवलेल्या कुंड्या परत अडकवताना नेच्याची कुंडी मी सगळ्यांत वर, भर उन्हात लावली. नेचा सावलीतच जगतो, हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कितीदा ऐकवलं असेल. मी खाली वळून विचारलं, "बरोबर आहे ना?" साडूंनी कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लावलीय ना," ते म्हणाले, "मग असू दे."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी कुंडी काढली आणि खाली, सावलीच्या ओळीत नेऊन लावली.