डोंगराच्या वाट्याचं मीठ

आमचं मिठागर खाडीच्या काठाला. सगळी भिस्त मातीच्या बांधावर. उधाणात तो फुटला की वर्षाचं मीठ गेलं, चूल थंड. एकदा तो फुटता फुटता राहिला, तेव्हा आजोबा नवस बोलले होते: बांध राहिला तर दरसाल एक गोण मीठ डोंगरातल्या जनावरांना. त्यांच्यामागे माझ्या बाने तो चालवला. मोसम संपला की गोण सायकलवरून डोंगराच्या पायथ्याच्या गोखिवऱ्यापर्यंत न्यायची, तिथून डोक्यावर घेऊन राखीव जंगलात शिरायचं आणि एका कपारीत ओतायची. रात्री सांबरं, भेकरं येऊन चाटायची. बाला ती क्वचितच दिसली. पण चाटून गुळगुळीत झालेली माती पाहून माणूस असा खूश व्हायचा, जणू जावयालाच जेवू घातलंय!

जंगल राखीव होतं ते पाटीवर. ऐंशीच्या सुमारास गोखिवऱ्याला कारखाने वाढले, खाणी आल्या, खाणीसाठी थेट आतपर्यंत रस्ता झाला. शिकारीला बंदी होती म्हणे. बंदीला विचारतो कोण? त्या रस्त्याने जिपा जायला लागल्या.

त्या वर्षी भाऊ कारखान्यात लागला होता, म्हणून बाबरोबर मी गेले. पाहते तर कपारीसमोरच्या झाडावर शिकाऱ्यांनी बसायला माळा बांधलेला. खाली काडतुसांची टरफलं, बाटल्या, आणि मिठाच्या मातीत सुकलेलं रक्त. बाजूला भेकराचे पाय, गुडघ्यातून तोडून फेकलेले. केवढेसे ते खूर!

"तळपट होवो मेल्यांचं!" मी ओरडले.

बाच्या डोक्यावरची गोण तशीच होती. तो म्हणाला, "बाय, जनावरांना हितं मीच बोलावलं."

गोण परत आणली. आय भडकली. "नवस मोडलास आनि बांध गेला, तर पोरांना काय माती घालनार?" शेजारचा काका दात काढत म्हणाला, "करायला गेलास गनपती नि झाला मारुती!" त्याला मी असं काही सुनावलं की महिनाभर तो आमच्या ओट्याकडे फिरकला नाही.

बाने मीठ बंद केलं. पण जनावरांना ते कोण सांगणार? मुरलेल्या मिठासाठी ती येतच राहिली, आणि माळ्यावरचेही येत राहिले. भाऊ रात्रपाळीवरून येऊन सांगायचा, आज परत बार ऐकू आले. बाला घास जाईना. शेवटी कुदळ घेऊन तो कपारीतली खारी माती खणायला निघाला. मी गोण धरायची, तो भरायचा. पुढच्या खेपेला गेलो, तर त्याच खड्ड्यात ताजे खूर उमटलेले, माती आणखी खोल चाटलेली, आणि कडेला नवं रक्त. आमच्या घराण्याचं एवढ्या वर्षांचं मीठ, ते कुठवर खणणार? बा खड्ड्यात बसला आणि हमसून हमसून रडला. त्याला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

खणलेली ती रक्तामिठाची माती त्याने आमच्या बांधावर घातली. त्या पावसाळ्यात मोठं उधाण आलं. शेजारच्या काकाचा बांध गेला, आमचा राहिला. आयने खाडीकडे तोंड करून हात जोडले. "पावला गो देव!"

बा गुडघाभर चिखलात उभा होता. म्हणाला, "फुटला आसता त बरा झाला आसता."