दारावरून जाताना डीजे बंद

आमच्या गावचा फौजी सुट्टीवर आला की ट्रंकेत रम आणतो, असा आसपासच्या गावांचा समज आहे. आणतो, पण ती दोन दिवसांत संपते. किस्से मात्र संपत नाहीत! येताना तो युनिटमधले चार घेऊन येतो आणि जाताना स्वतःचे दोन गावात सोडून जातो.

माझं तिसगावच्या बाजारात फ्लेक्सचं दुकान आहे, आणि गाव तिथून जवळच. गावातला फौजी रिटायर झाला की आमचं मित्रमंडळ त्याची मिरवणूक काढतं. उघडी जीप, हार, बबलूचा डीजे आणि माझा फ्लेक्स. मीसुद्धा भरतीला गेलो होतो, पण छाती कमी भरली. तेव्हापासून इतरांच्या छात्या फ्लेक्सवर मीच फुगवतो.

*

या मिरवणुका सुरू झाल्या आणि सगळ्यात जास्त पंचाईत झाली सुभेदार नानांची. नाना रिटायर झाले तेव्हा ही फॅशन नव्हती. ते डोक्यावर काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरले. स्वागताला एक कुत्रं आलं, तेही भुंकत.

गावात पहिली मिरवणूक निघाली तेव्हा नाना पारावरून उठून घरी गेले. काही दिवस पाराकडे फिरकले नाहीत. मग एकदा दुकानात येऊन म्हणाले, "आमी काय तिकडं बटाटे सोलायला गेल्तो काय रे?"

मंडळाने लगेच नानांचीही मिरवणूक ठरवली, रिटायर होऊन कित्येक वर्षं झाल्यावर! नाना वेळेच्या आधी हजर. आल्या आल्या त्यांनी बबलूला आणि त्याच्या पोरांना रांगेत उभं केलं, दाढ्या तपासल्या आणि एकाला घरी पाठवलं. जीप सुरू होताच नानांनी सॅल्यूट ठोकला. घर आलं, पेढे वाटून झाले, लोक पांगले, तरी नाना जीपमध्ये सॅल्यूट ठोकून उभेच.

शेवटी नानी बाहेर आली. "खाली उतरा की. जीपवाल्याला दुसरं भाडं हाय."

"विश्राम कोण म्हणनार?"

"विश्राम!" नानी म्हणाली.

नाना उतरले.

*

त्या मिरवणुकीत नानांचा हात फक्त एकदा खाली आला होता, तो बबलूला खूण करायला. चर्चशेजारी मार्थामावशीचं घर आहे. गावात शिरायचा रस्ता एकच, आणि तो तिच्या दारावरून जातो. नानांनी तिथे डीजे बंद करायला लावला. तिचं दार ओलांडल्यावर पुन्हा चालू. तेव्हापासून मंडळाचा तो नियमच झाला.

मार्थामावशीचा शांतवन आणि आमचा सोपान एकाच दिवशी भरती झाले. आम्ही तिघे एकाच बाकावरचे. शांतवनला नाचायचं भयंकर वेड. एकदा तो सुट्टीवर आला असताना गावात वरात निघाली. नवरा घोड्यावरून उतरला, घरात गेला, जेवला, तरी हा दारात नाचतोच आहे! नवऱ्याच्या बापाने हात जोडले, "फौजी, आता बास करा. पोरगी नांदायला आलीय, तिला झोपू द्या."

पुढे शांतवन सरहद्दीवरच्या बर्फात गेला. तिरंग्यातली पेटी घेऊन सोपानच गावात आला. मार्थामावशी त्या दिवशी त्याला एका शब्दाने बोलली नाही. ती ओरडली असती, रडली असती, तर सोपानला सोपं गेलं असतं. तो तिच्या गप्प राहण्यालाच भ्याला. त्यानंतर सुट्टीवर आला की तो गावाच्या अलीकडेच उतरायचा आणि बाजरीच्या रानातून, बांधाबांधाने घरी जायचा. तिच्या दारावरून कधी गेला नाही.

मावशी कुठल्याच मिरवणुकीला बाहेर आली नाही. तिच्या दारात डीजे बंद झाला की जीपचं इंजिन तेवढं ऐकू यायचं. ती शांतता मला नको व्हायची. पण नियम म्हणजे नियम.

*

दगडूची मिरवणूक मात्र दगडूशिवाय झाली.

त्याची गाडी नगर स्टेशनात सकाळी यायची होती. ती भुसावळच्याही पलीकडे अडकलेली. इकडे जीप सजली, पोरं जमली. बबलू म्हणाला, "मला संध्याकाळी संगमनेरला लगीन हाय. वाजवायचं तर आत्ताच वाजवा."

मंडळाची तातडीची मीटिंग झाली. दगडूच्या बापाला जीपमध्ये उभं केलं. म्हातारा आधी लाजला. मग बसस्टँडपाशी हात हलवायला लागला आणि शाळेपाशी त्याने गॉगल मागितला. मावशीच्या दारात डीजे बंद, पुढे पुन्हा चालू, सगळं रीतसर झालं.

रात्री दगडू बॅग घेऊन एकटाच दारात उभा राहिला. बाप ओट्यावर हार घालूनच बसला होता. त्याने पोराकडे वर-खाली पाहिलं. "आलास व्हय? कार्यक्रम लई चांगला झाला. आता जेवून झोप."

*

भाऊसाहेबाच्या वेळी गोंधळ माझ्याकडून झाला. माझ्याकडे फौजींसाठी एकच ठरलेलं डिझाईन आहे. मागे रणगाडा, वर विमान, मधे माणूस. भाऊसाहेब फ्लेक्स बघायला दुकानात आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो रनगाडा कुनाचा?"

"तुझ्या मागे टाकलाय. उठाव येतो."

"मी सगळी नोकरी राशन वाटण्यात काढली. रनगाडा मी फकस्त रेल्वेवर चढवताना बघितलाय. तांदळाचं पोतं टाक."

मी त्याला खूप समजावलं. शेवटी तडजोड झाली. रणगाडा राहिला आणि त्याच्यावर तांदळाचं पोतं ठेवलं. मिरवणुकीत त्याची बायको त्या फ्लेक्सखाली उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "पोतं आमच्या ह्यांचं हाय. रनगाडा दुकानदाराचा."

*

यंदा सोपान रिटायर झाला.

मी त्याला फोन केला.  तो म्हणाला, "मिरवनूक नको."

"का रे?"

"रस्ता एकच हाय."

 मी फोन दुकानात बसलेल्या नानांकडे दिला. नाना फोनमध्ये एवढंच म्हणाले, "सोपान, जीपमधी उभं राहायचं. ऑर्डर हाय." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी सोपान जीपमध्ये उभा राहिला. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. बसस्टँडपासून पोरं नाचत निघाली. चर्च दिसायला लागलं तसा सोपान समोर बघायचा बंद झाला. मावशीचं घर आलं. बबलूने नियमाप्रमाणे डीजे बंद केला. पोरं जागच्या जागी थांबली. जीप हळूहळू पुढे सरकायला लागली.

तेवढ्यात दार उघडलं.

मार्थामावशी बाहेर आली. पदराला हात पुसत सरळ रस्त्यात येऊन जीपसमोर उभी राहिली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. ती सोपानकडे न बघता डीजेच्या टेम्पोकडे बघत होती.

"काय रं बबलू," ती म्हणाली, "दर बारीला तुजं मशीन माज्याच दारात बंद पडतंय व्हय?"

बबलूने माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे बघितलं. नाना आभाळाकडे बघत होते.

"साऱ्या गावात वाजतंय आन् इथं आलं की बंद. नानाच्या वक्ताला बंद, दगडूच्या बापाच्या वक्ताला बंद. इतकी वर्सं झाली, एक चांगलं मशीन घेता येईना तुमाला? माजा शांतवन असता तर त्यानं तुजं मशीन हिरीत टाकलं असतं!"

 मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही दाबून मी उभा राहिलो.

मग मावशी सोपानकडे वळली. त्याला पायापासून टोपीपर्यंत नीट बघितलं.

"किती वाळलास रं."

सोपानने टोपी काढून हातात घेतली.

"तू कशाला उन्हात ताटकळतोस? हे मशीन नीट हुईस्तोवर आत येऊन बस. चहा ठिवलाय."

सोपान जीपमधून उतरला. उतरताना हार काढायला लागला, तर ती म्हणाली, "राहू दे. घालूनच ये." आणि त्याच्या दंडाला धरून त्याला आत घेऊन गेली.

रस्त्यावर आम्ही सगळे तसेच उभे.

बबलू हळूच म्हणाला, "नाना, मशीनला काय बी झालं न्हाई. चालू करू का?"

नानांनी उघड्या दाराकडे बघितलं. मग टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"मशीन खोल."

"आं?"

"ऑर्डर हाय."

बबलूने पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, मशीनचा पहिला स्क्रू सोडवून दातांत धरला आणि सावकाश दुसऱ्याला हात घातला.