मॅग्नेटला चिकटलेला वॉशर

स्कूटरच्या इंजिनात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. नाकावर माशी बसू देत नसत. मुलगी इतकी वर्षं गॅरेजात त्यांच्या बरोबरीने राबली, पण तपासणी व्हायची ती तिच्या कामाची. बाबांचं काम तपासायची कुणाची टाप होती!

इंजिनाच्या कडेला एक जड चाक असतं, आतून लोहचुंबक बसवलेलं. त्याच्या पोटात कॉइलची प्लेट. चाक फिरलं की वीज, वीज आली की ठिणगी. भानगड एवढीच, की चाक टेबलावर उघडं पडलं की चुंबक सापडेल ते लोखंड ओढून घेतो. म्हणून बसवण्याआधी आतून बोट फिरवायचं. नियम बाबांचाच. स्वतः मात्र ते नुसती नजर टाकत. पूर्वी तेवढी पुरायची.

दवाखान्यातल्या एका नर्सबाईंची स्कूटर त्यांनीच दुरुस्त केली होती. जळकी कॉइल उतरवून नवी तार गुंडाळली, चाक बसवलं. आणि दोनच दिवसांत बाई गाडी ढकलत, घामाघूम होऊन परत दारात. ड्यूटीला उशीर झाला तो झालाच, वर साहेबांची बोलणी खाल्ली.

मुलीने पुलर लावून चाक खेचलं. आत चुंबकाला एक वॉशर चिकटलेला, नवी कोरी कॉइल पार सोलून निघालेली. बाबांना हल्ली नीट दिसत नाही, हे तिला कळत होतं. बोलायचं कसं, हे कळत नव्हतं. गॅरेज सुटलं तर हा माणूस अंथरूण धरेल, अशी तिला धास्ती होती.

"चाक कुणी बसवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मी," मुलगी म्हणाली.

मग बाईंनी काही हातचं राखलं नाही. शिकवणारा एवढा मोठा आणि तुला साधं बोट फिरवता येऊ नये, वगैरे सगळं ऐकवलं. स्टुलावर बसलेले बाबा उठले, मुलीच्या हातातून चाक घेतलं, आत बोट घातलं. वॉशर चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला.

"हिला बोलू नका. चाक मी बसवलं होतं. मला दिसत नाही आता."

इतकं सरळ त्यांनी जन्मात काही कबूल केलं नव्हतं. राहू द्या बाबा, होतं कधी कधी, असं मुलगी म्हणू लागली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"गॅरेज तू बघ. तार गुंडाळायला मात्र मला ठेव. तेवढं बोटांनाच कळतं. ठेवशील ना?"

ज्याने कधी कुणाकडे काम मागितलं नाही, तो माणूस पोटच्या पोरीकडे मागत होता. तिला रडू फुटलं. तिने मान हलवली, पण ती त्यांना दिसली की नाही कोण जाणे, म्हणून मोठ्याने म्हणाली, "हो बाबा, ठेवते."