तीनशे पंच्याहत्तराव्या मैलावरचा मुक्काम

लव्हॉन सेडलाचेकनं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. तिचा हॉर्न ऐकून गावातली निम्मी घड्याळं लावली जायची. नेब्रास्कातलं आमचं गाव सहाशे वस्तीचं. पोस्ट मी सांभाळायची, त्यामुळे कुणाकडे काय येतं ते त्या घरातल्यांच्या आधी मला कळायचं. लव्हॉनकडे दर मार्चला एक जाडजूड पाकीट यायचं. त्यात असायचं अलास्काला जाणाऱ्या रस्त्याचं पुस्तक, त्या वर्षाची ताजी आवृत्ती.

कॅनडात तो रस्ता सुरू होतो तिथून मोजून थेट अलास्कापर्यंत मैलामैलावर काय आहे ते सगळं त्या पुस्तकात. कुठे पूल, कुठे पेट्रोल, कुठे चढ, कुठे गाडी बाजूला घ्यायला जागा आणि तिथे कचऱ्याचं पिंप आहे की नाही, इथपर्यंत. लव्हॉन ते कादंबरीसारखं वाचायची. समासात पेन्सिलीच्या खुणा करायची. कुठला पंप कोणत्या साली बंद पडला, हे तिला कधी न जाता तोंडपाठ होतं.

तिचा नवरा डेल ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. पोस्टात आला की त्या पाकिटाकडे बघून हसायचा आणि मला म्हणायचा, "बर्डीन, तूच सांग. तिकडे जायला रस्ता एकच. चुकायचं ठरवलं तरी चुकता येणार नाही. त्याला पुस्तक कशाला?"

"तुला दूध आणायला चिठ्ठी लागते," लव्हॉन म्हणायची. "तू तर बोलूच नकोस."

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ती निवृत्त झाली आणि जूनच्या पहिल्या सोमवारी दोघं निघाली. पिकअपच्या मागे ट्रेलर जोडलेला आणि एका वहीत एकसष्ट दिवसांचा बेत. कुठे जेवायचं, कुठे तेल बदलायचं, कुठे कपडे धुवायचे, सगळं तारीखवार. गाडी अर्थातच लव्हॉन चालवणार. डेल चालवत असताना शेजारी बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं, असं तिचं मत. म्हणून पुस्तक डेलच्या मांडीवर आलं.

पुढचं मला तिच्या पत्रांतून कळत गेलं. कॅनडात शिरल्यावर पहिले दोन दिवस डेलनं बातम्या दिल्यासारखं वाचलं. "पुढे अर्ध्या मैलावर डाव्या हाताला कचऱ्याचं पिंप. श्रोत्यांनी कृपया नोंद घ्यावी." तिसऱ्या दिवशी पिंप खरंच अर्ध्या मैलावर दिसलं, तेव्हा तो ओरडला, "अगं, आहे की!" चौथ्या दिवसापासून पुस्तक तो जेवतानाही सोडेना. पाचव्या दिवशी एका पिंपाची जागा चुकलेली निघाली, तर माणूस तासभर अस्वस्थ. लव्हॉननं मला लिहिलं, "डेल पार बिघडलाय. आता तो मलाच सांगतो की आपण वीस मिनिटं मागे आहोत."

प्रवासाच्या नवव्या दिवशीच्या पानावर पेन्सिलीची दुहेरी रेघ होती. मैल तीनशे पंच्याहत्तर: मर्डोचा लॉज. पेट्रोल, चार लाकडी खोल्या, खानावळ आणि दालचिनीचे घरगुती रोल, बशीएवढे. पाच आवृत्त्यांमध्ये ते रोल तिनं वाचले होते. सकाळी पावणेअकराला ती तिथे पोचली, बेतानुसार. दारावर पुठ्ठा लटकत होता: 'रोल नाहीत. विचारू नये.'

आत टेबलांवर दहाबारा प्रवासी बसलेले. एक टेक्सासचं कुटुंब, एक म्हातारे पाद्री, बेर्न्ट आणि हायड्रून नावाचं जर्मन जोडपं. प्रत्येकाच्या हातात तेच पुस्तक, तेच पान उघडलेलं. गल्ल्यापाशी दाढी वाढलेला मर्डो उभा होता.

"दारावर लिहिलंय," तो म्हणाला.

"पुस्तकातही लिहिलंय," लव्हॉन म्हणाली.

"पुस्तक गेल्या साली लिहिलं, बाईसाहेब. माझी स्वयंपाकीण तीन आठवड्यांपूर्वी एका ट्रकवाल्याशी लग्न करून गेली. जाताना तिनं ना मला विचारलं, ना पुस्तकवाल्यांना. रोज चाळीस माणसं येतात आणि माझ्याकडे असं बघतात जसं काही मीच तिला पळवून लावलंय."

लव्हॉननं गल्ल्यामागे डोकावून पाहिलं. स्वयंपाकघरात पिठाची पोती होती, यीस्ट होतं, सुक्या आलुबुखारांची एक आख्खी पेटी कुणाचा हात न लागता पडली होती.

"रोल मला जमत नाहीत," ती म्हणाली. "कोलाचे जमतात."

"ते काय असतं?"

आमच्या गावात हा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याला दवाखान्यात नेलं असतं. आमचे आजे-पणजे बोहेमियातून, म्हणजे आताच्या चेक देशातून आले ते कोलाचे करायची विद्या घेऊनच. मऊ पिठाचा गोळा, मधे अंगठ्यानं खळगा, खळग्यात आलुबुखार नाहीतर खसखस. लव्हॉननं अंगावर एप्रन चढवला. दोन तासांनी पहिलं ताट बाहेर आलं. पाद्रीबुवांनी चार खाल्ले आणि मग प्रार्थना म्हटली. मर्डोनं दारावरचा पुठ्ठा उतरवला, उलटा केला आणि कोलाचे हा शब्द चुकीचा लिहून पुन्हा लावला.

संध्याकाळी डेल म्हणाला, "उद्या साडेसातला निघायचं. पुढे लोखंडी पूल आहे."

"उद्या कसं निघणार? पीठ भिजवून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशी डेलनं वही तिच्यासमोर आपटली. "अकरावा दिवस गेला, बारावा गेला! तू पाच वर्षं माझं डोकं खाल्लंस या रस्त्यापायी. आणि आता मला जावंसं वाटतंय, तर तू इथे भट्टीपाशी चिकटलीस?"

लव्हॉन हातातलं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "पुढचं सगळं मला पाठ आहे रे, डेल. पूल, पिंपं, सगळं. माझ्या बसमधून इतकी पोरं गेली, पण उतरताना मागे वळून कुणी बघितलं नाही. इथे लोक गाडीतून उतरायच्या आधी विचारतात, झाले का तयार? मला थोडे दिवस राहू दे."

डेलला गाल फुगवून बसायलाही वेळ मिळाला नाही. बेर्न्ट आणि हायड्रूनला इंग्रजी पुस्तक वाचायला फार वेळ लागायचा. एक पान संपेपर्यंत ते पान पंधरा मैल मागे गेलेलं असायचं. त्यांच्या मोठ्या गाडीत एक जागा रिकामी होती. कोलाच्यांपायी तेही लॉजवरच रेंगाळले होते, आणि दोन दिवस डेलनं त्यांना पुढचा रस्ता मोठ्यानं वाचून दाखवला होता. हायड्रूननंच विचारलं, "तुम्ही याल का वाचायला?"

डेलनं बायकोकडे पाहिलं.

"जा की," ती म्हणाली. "पण लोकरीची बंडी घे. आणि त्यांना रोज सल्ले देऊ नकोस, ते रस्त्यात उतरवतील."

असा डेल अलास्काला गेला, बायकोचं पुस्तक, बायकोची वही आणि बायकोचे वीस कोलाचे घेऊन. वहीतली एकही जागा त्यानं सोडली नाही. लव्हॉननं जिथे कपडे धुवायचे लिहिले होते, तिथे तिघांनी धुतले. रोज एक पोस्टकार्ड तो लॉजवर पाठवायचा. 'अस्वल पाहिलं, वहीत नव्हतं' एवढाच एकाचा मजकूर होता. साडेतीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा दाढी वाढली होती, आणि त्याला जर्मनमधून पिंप म्हणता येत होतं.

ऑगस्टच्या मध्यावर मर्डोची भाची फोर्ट नेल्सनहून कामाला आली. लव्हॉननं तिला आठवडाभर हाताखाली घेतलं, पीठ किती मऊ हवं ते बोट खुपसून दाखवलं, आणि मगच दोघं घरी निघाली. मर्डो निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आला आणि मेपलच्या पाकाचा डबा खिडकीतून आत टाकून गेला.

दोन वर्षांनी ती खरंच अलास्काला जाऊन आली. परत आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान आहे गं," ती म्हणाली. "डास मोठे आहेत. चार दिवस पाऊस होता. जाताना आणि येताना मर्डोकडे आठवडा-आठवडा राहिलो, ते बरं वाटलं."

डेलचं मात्र तसं नाही. हिवाळ्यात चर्चच्या सभागृहात तो अजून पडद्यावर चित्रं दाखवतो, दोन-दोन तास. निम्मे लोक डुलक्या घेतात. परवाच्या गुरुवारी तो सांगत होता, "या वळणावर आम्हाला गव्यांचा कळप आडवा आला. अठरा तरी असतील."

आत कॉफीचे कप भरणाऱ्या लव्हॉनचा आवाज आला. "लॉजवर परत आलास तेव्हा अकरा होते!"