नामाच्या मापाचा कोट

साहेबांनी बंगला विकला आणि जाताना नामाला आपला जुना कोट दिला. ज्याने उभं आयुष्य त्यांच्या नारळी-सुपारीला पाणी घातलं, त्याच्या पदरात पडलं काय, तर कोट! थळच्या खाऱ्या घामट हवेत कोट घालून माणूस करणार काय? पण मोठ्या माणसांना देण्याचं समाधान हवं असतं. घेणाऱ्याचं काय होतं, ते बघायला ती थांबत नाहीत.

बंगल्यामागच्या खोलीत नामा आणि त्याची बायको कमळाबाई राहत असत. ती खोली नव्या मालकाने दिवाळीपर्यंत रिकामी करायला सांगितली होती. मूलबाळ नाही, जमीन नाही, जायचं कुठे? तेवढ्यात कळलं, अलिबागेत एका हॉटेलला दारावर उभा राहायला माणूस हवाय आणि राहायला खोलीही मिळणार आहे. मॅनेजरने निरोप धाडला, कोट असेल तर घालून या, बरं दिसेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे कोटाचा मिळाला.

साहेब अंगाने दांडगे, नामा म्हणजे सुकट. कोटात तो असला काय नि नसला काय, सारखंच. बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात.

कमळाबाई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. हात चांगला होता, पण अंगाचं माप तिने कधी घेतलंच नव्हतं. बायका मापाचा ब्लाउज घेऊन येत आणि ती त्यावरून बेतत असे. आता नामाच्या मापाचा कोट आणायचा कुठून? शेवटी तिने साहेबांचा कोट उलटा करून त्याच्या अंगात चढवला आणि टाचण्या लावायला घेतल्या.

कोट अंगावर आला मात्र, नामाचे खांदे आपसूक पडले, मान खाली गेली, पाठीला बाक आला. साहेबांसमोर तो असाच उभा राहायचा. एरवी गडी ताठ. या वयातही माडावर सरसर चढायचा. कमळाबाईला यात वावगं काही दिसलं नाही. जसा उभा होता तशाच अंगावर तिने पाठ, काख, छाती बेतली, बाह्या आखूड केल्या. जाड कापडापायी मशीनच्या सुया मोडल्या, तरी तिने नेटाने शिवण मारली आणि आतलं उरलेलं कापड कापून टाकलं. मग कोट सुलट करून त्याला घातला. तो पुन्हा तसाच वाकून उभा राहिला.

"बराबर बसला," ती म्हणाली. तिला फार दिवसांनी बरं वाटलं होतं.

ठरल्या दिवशी नामा अलिबागला गेला आणि दुपार कलायच्या आत परतला. पडवीत बसत म्हणाला, "कोट लय भारी दिसला. मॅनेजर पन बोलला, कोट झकास हाय."

"आनि काम?"

"ते न्हाय झालं. बोलला, काका, तुमची पाठ गेली हाय. दारावर ताठ मानूस लागतो."

"पाठ गेली? परवा तर माडावर चढलात!"

"व्हय."

"मंग ताठ का न्हाय उभं ऱ्हायलात?"

"कसा ऱ्हानार? गेटवर जरा ताठ झालो, तर कोट पुढनं फाटाया लागला. बटन तुटाया आलं." नामाने कोटावरून हात फिरवला. "एवढं खपून शिवलंस तू. चार मानसांत तुझ्या कामाला नाव ठेवू द्यायचं व्हय? सारा येळ वाकूनच ऱ्हायलो."

कमळाबाईने कोटाच्या शिवणीकडे पाहिलं. त्या टाचण्या तिनेच लावल्या होत्या. आता ना कापड उरलं होतं, ना काम, ना खोली.

"काढा तो," ती ओरडली. "आदी अंगातनं काढा!"

"काढतो गं," नामा म्हणाला, आणि शिवण उसवू नये म्हणून एकेक बाही हळूहळू, जपून काढू लागला.